कॅलिफोर्निया हॉर्स रेसिंग बोर्डाला खुलं पत्र: सिंथेटिक ट्रॅक परत आणा, पण या वेळी नीट

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
कॅलिफोर्निया हॉर्स रेसिंग बोर्ड, सॅक्रामेंटो

स.न.वि.वि.

९ जून २०२४ ला बर्कलीजवळचं गोल्डन गेट फील्ड्स रेसकोर्स बंद झालं आणि तेव्हापासून तुमच्या अख्ख्या राज्यात सिंथेटिक ट्रॅकवर एकही रेस होत नाही. ज्या राज्याने २००६ साली सगळ्या मोठ्या रेसकोर्सना फर्मान काढलं होतं की २००७ संपायच्या आत डर्ट म्हणजे मातीचा ट्रॅक उखडा आणि सिंथेटिक टाका, नाहीतर लायसन्स मिळणार नाही, त्याच राज्यात आज हा आकडा शून्य आहे. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही राज्याने असा हुकूम काढला नव्हता. तुम्ही काढलात, घाईत राबवलात, आणि मग एकेका रेसकोर्सला सूट देत देत सोडून दिलात. मला त्या सोडून देण्याबद्दल बोलायचंय.

मी मूळचा पुण्याचा, राहायला फ्रीमाँटला. पत्र मराठीत लिहितोय कारण बे एरियात मराठी माणसं भरपूर आहेत, त्यातली महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर वाढलेली मंडळीही कमी नाहीत, आणि हा विषय आपल्या भाषेत कुणी धड मांडतच नाही. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवतोय.

आधी आमच्या लोकांसाठी थोडं सांगतो, कारण भारतात आपण रेस बघतो ती गवतावर. अमेरिकेत मुख्य ट्रॅक डर्टचा असतो, म्हणजे वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण, खाली घट्ट थर आणि वर तीनेक इंच मोकळा भुसभुशीत थर. केंटकी डर्बी डर्टवर, प्रीकनेस डर्टवर, बेलमाँट डर्टवर, म्हणजे पैसा, मान आणि ब्रीडिंग सगळं तिथेच. आतल्या बाजूला टर्फ म्हणजे गवत. आणि तिसरा प्रकार सिंथेटिक, यात सिलिका वाळूच्या प्रत्येक कणावर मेणाचा लेप देतात, त्यात बारीक धागे आणि रबराचे तुकडे मिसळतात, आणि खाली पाणी झिरपून जाईल असा सच्छिद्र थर असतो. पॉलिट्रॅक, टॅपेटा, कुशन ट्रॅक, प्रो-राइड ही सगळी त्याचीच वेगवेगळ्या कंपन्यांची नावं. टॅपेटा बनवणारे मायकल डिकिन्सन हे स्वतः इंग्लंडचे मोठे ट्रेनर, १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही घोडे त्यांचे होते, हा माणूस घोड्याचा पाय ओळखतो म्हणून सांगितलं.

गोल्डन गेटला २००७ पासून टॅपेटा होता. रेलिंगपाशी उभं राहून तो मूठभर हातात घेतला की भिजवलेल्या रव्यासारखा वाटायचा, दाबला की मूठ वळायची, सोडला की परत मोकळा, हाताला चिखल म्हणून लागायचा नाही, फक्त मेणाचा किंचित चिकटपणा आणि मध्ये मध्ये पांढरे काळे धागे. पाऊस पडत असताना त्यावर डबकं दिसायचं नाही. घोडे रेस संपवून परत यायचे तेव्हा त्यांच्या छातीवर, जॉकीच्या गॉगलवर चिखलाचा थर नसायचा. डर्टवर पावसात पळालेला शेवटचा घोडा ज्यांनी बघितलाय त्यांना यातला फरक लगेच कळेल, तिथे जॉकीच्या कपड्यांचे रंगसुद्धा ओळखू येत नाहीत.

आणि मुद्दा कपडे स्वच्छ राहण्याचा नाही. डर्ट ट्रॅकवर मोठा पाऊस येणार असं कळलं की काय करतात ते तुम्हाला माहितीच आहे, जड यंत्रं फिरवून वरचा मोकळा थर दाबून टाकतात, म्हणजे ट्रॅक सील करतात, पाणी आत न शिरता उताराने वाहून जावं म्हणून. पाणी वाहून जातं खरं पण जो थर घोड्याच्या पायाला उशी द्यायचा तोच आपण दाबून कडक केलेला असतो. मग पाऊस थांबला की परत उकरायचा, परत पाऊस आला की परत दाबायचा, आणि प्रत्येक वेळी त्यातली बारीक माती थोडी वाहून जाते, मिश्रण बदलतं, एका जागी खोल आणि दुसऱ्या जागी कडक होतं. फुल स्पीडला एका क्षणी घोड्याचं सगळं वजन एका पुढच्या पायावर येतं, ते पण वजनाच्या साधारण अडीच पट जोराने, म्हणजे पाचशे किलोच्या घोड्याचा सव्वा टन, खुराच्या वरच्या त्या सांध्यावर जिथे मांस नावाला नाही, नुसतं हाड, नस आणि कातडी. तिथे दोन इंचांचा फरक चालत नाही.

२०१९ आठवा. २६ डिसेंबर २०१८ ला लॉस एंजेलिसजवळच्या सँटा अनिटा रेसकोर्सचा सीझन सुरू झाला आणि २३ जून २०१९ ला संपला तोपर्यंत रेस आणि ट्रेनिंग मिळून ३० घोडे मेले. फेब्रुवारीत दक्षिण कॅलिफोर्नियात कधी नव्हे तो पाऊस पडला होता. ब्रीडर्स कप म्हणजे अमेरिकेतला वर्षअखेरच्या मोठ्या रेसचा मेळा, त्यातली २०१७ ची डर्ट माइल जिंकलेला घोडा बॅटल ऑफ मिडवे त्याच फेब्रुवारीत सकाळच्या ट्रेनिंगमध्ये गेला. मार्चमध्ये रेसिंग थांबवावं लागलं, ट्रॅक उघडून तपासला, जुने ट्रॅकमास्टर डेनिस मूर यांना परत बोलावलं. आणि मग नोव्हेंबरमध्ये, सगळी काळजी घेऊन झाल्यावर, सगळ्या देशाचे कॅमेरे लागलेले असताना, ब्रीडर्स कप क्लासिकच्या शेवटच्या टप्प्यात मंगोलियन ग्रूमचा पाय मोडला. ती रेस मी टीव्हीवर बघत होतो आणि घोड्यासमोर पडदा आणून धरला तेव्हा आमच्या घरात कुणी बोललं नाही.

या मृत्यूंवर तुमच्याच बोर्डाने २०२० मध्ये रिपोर्ट काढला. त्या सीझनच्या सुरुवातीच्या महिन्यांतल्या २३ मृत्यूंचा तो अभ्यास होता, आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, बहुतेक घोड्यांच्या हाडात जिथे मोडलं तिथे आधीपासूनच दुखापतीच्या खुणा होत्या. दोन, ३९ टक्के मृत्यू पावसाचा परिणाम झालेल्या ट्रॅकवर झाले. पहिल्या मुद्द्यावर तुम्ही खरोखर काम केलंत आणि त्याचं श्रेय तुम्हाला द्यायलाच हवं. एंट्री घेण्याआधी व्हेटची तपासणी, घोड्याचा इतिहास बघणारी पॅनेल, औषधांवर बंधनं, सँटा अनिटाला उभ्या घोड्याच्या पायाचं स्कॅनिंग करणारं पेट मशीन, हे सगळं झालं आणि त्यानंतर राज्यातले मृत्यू बरेच कमी झाले. पण दुसऱ्या मुद्द्याचं काय केलंत? पावसाच्या दिवशी रेस रद्द करायच्या, एवढंच. रद्द करणं योग्यच आहे, पुण्यात आम्ही तेच बघत वाढलो, जुलैपासून पावसातच सीझन, गवत फार भिजलं की रेस रद्द, कुणी तक्रार करत नाही. फक्त रेस रद्द झाली तरी घोड्याची सकाळची गॅलप रद्द होत नाही, तबेल्यातल्या घोड्याला पळवावंच लागतं, आणि बऱ्याचदा तो पळतो त्याच दाबलेल्या ट्रॅकवर.

आता आकडे. जॉकी क्लबच्या इक्वाइन इंज्युरी डेटाबेसमध्ये २००९ पासूनची नोंद आहे. तेव्हा देशभरात दर हजार स्टार्टमागे (एक घोडा एका रेसमध्ये पळाला की एक स्टार्ट) २.०० घोडे मरत होते, २०२३ मध्ये १.३२. सुधारणा आहेच. पण ट्रॅकप्रमाणे बघा. २०१९ साली डर्टवर १.६०, टर्फवर १.५६ आणि सिंथेटिकवर ०.९३. आणि हे एखाद्याच वर्षाचं नाही, वर्षानुवर्षं सिंथेटिकचा आकडा डर्टच्या खालीच राहिलाय. शिवाय गोल्डन गेट, टर्फवे, प्रेस्क आइल डाउन्स असल्या सिंथेटिकवाल्या रेसकोर्सवर पळणारे बरेच घोडे स्वस्त क्लेमिंग रेसचे, म्हणजे जिथे पळणारा घोडा ठरलेल्या किमतीला कुणीही विकत घेऊ शकतो, वय झालेले, चार हात बदललेले, जुनी दुखणी अंगावर घेऊन पळणारे. करोडो डॉलरची लाडकी लेकरं नव्हेत. तरीही आकडा कमी. तुमचेच तेव्हाचे इक्वाइन मेडिकल डायरेक्टर डॉ. रिक आर्थर यांनी कॅलिफोर्नियाच्या चार रेसकोर्सचे आधीचे आणि नंतरचे आकडे मांडून दाखवलं होतं की सिंथेटिक आल्यावर रेसमधले मृत्यू घटले. म्हणजे बाहेरच्या कुणी सांगायची गरजच नाही, तुमच्या फायलीत आहे.

मग सिंथेटिक गेलं का? कारण २००७ ला काम घाईत आणि प्रत्येकाने आपल्या मनाने केलं. हॉलीवूड पार्कने कुशन ट्रॅक टाकला, डेल मारने पॉलिट्रॅक, गोल्डन गेटने टॅपेटा, सँटा अनिटानेही कुशन ट्रॅक. सँटा अनिटाला जानेवारी २००८ च्या पावसात पाणी खाली झिरपेनाच, बारीक कणांनी निचरा तुंबला आणि रेसिंगचे अकरा दिवस बुडाले. ज्याची सगळी जाहिरात पावसात चालतो म्हणून, तोच पावसात बंद. मग ऑस्ट्रेलियाहून इयन पिअर्स आले, त्यांनी त्यातच प्रो-राइड मिसळून दुरुस्ती केली, त्यावर २००८ आणि २००९ चे ब्रीडर्स कप झाले, तरी निचऱ्याचं रडगाणं संपलं नाही आणि २०१० च्या डिसेंबरमध्ये परत डर्ट. डेल मारला वेगळाच प्रश्न, समुद्राकाठची सकाळ थंड आणि दुपार तापलेली, मेण तापलं की ट्रॅकचा स्वभावच बदलायचा, सकाळी वेगवान आणि दुपारी जड, ट्रेनर वैतागले, त्यातले बॉब बॅफर्ट घोडे घेऊन न्यूयॉर्कच्या साराटोगाला गेले. तेही २०१५ ला डर्टवर. हॉलीवूड पार्क २०१३ च्या शेवटी बंदच झालं. राहिलं एकटं गोल्डन गेट, आणि तिथे काय झालं तर जवळजवळ सतरा वर्षं ट्रॅक चालला. तोच बोर्ड, तेच राज्य, तसाच पाऊस. फरक एवढाच की तिथे निचरा नीट होता आणि खाडीवरच्या थंड हवेत मेण फार तापत नव्हतं. म्हणजे चूक सिंथेटिकमध्ये नव्हती, चूक होती आधी छोटा ट्रॅक टाकून दोन पावसाळे न बघता सगळ्यांवर एकदम लादण्यात.

गोल्डन गेटला घोडे मेले नाहीत असं मी म्हणत नाही. मेले, रेसमध्येही आणि ट्रेनिंगमध्येही, आणि बर्कलीत गेटबाहेर निदर्शनं व्हायची ती उगाच नव्हती. कुठलाही ट्रॅक मृत्यू शून्यावर आणत नाही. टर्फसुद्धा नाही, डेल मारने २०१४ ला नवं रुंद टर्फ टाकलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यावर लागोपाठ घोडे गेले, काही दिवस टर्फ रेसिंग थांबवून रेस मुख्य ट्रॅकवर घ्याव्या लागल्या. त्या घेता आल्या, कारण तो मुख्य ट्रॅक तेव्हा पॉलिट्रॅक होता.

ट्रेनर लोकांचं म्हणणं मी नीट ऐकलंय. सिंथेटिकवर खूर डर्टसारखा किंचित पुढे सरकत नाही, धरून ठेवतो, त्यामुळे मागच्या पायांची आणि स्नायूंची दुखणी वाढतात असं बरेच अनुभवी लोक सांगतात. त्यांच्या तबेल्यात रोज पहाटे पायांवरून हात ते फिरवतात, मी नाही, त्यामुळे हे मी उडवून लावणार नाही. पण दुखावलेला स्नायू घेऊन घोडा चार महिने कुरणात राहतो आणि परत येतो. मोडलेला सांधा घेऊन येत नाही. जॉकींचीही बाजू आहे, आर्लिंग्टनला २००९ मध्ये पॉलिट्रॅकवर पडून रेने डग्लस कायमचे व्हीलचेअरवर गेले, आणि जॉकीला सिंथेटिकवर पडताना घसरायला मिळत नाही हा आक्षेप तेव्हापासून आहे. त्याचा अभ्यास करा ना, जॉकींच्या दुखापती ट्रॅकप्रमाणे वेगळ्या नोंदवा आणि छापा. घोडा कमी वेळा पडला तर जॉकीही कमी वेळा पडेल हेही त्यात दिसेल.

खरा विरोध मात्र पैशाचा आणि प्रतिष्ठेचा होता, हे आता तरी मोकळेपणी बोलूया. २००८ ला ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये युरोपातून आलेले रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर पहिले दोन आले आणि डर्टचा राजा कर्लिन चौथा. पुढच्या वर्षी कर्लिनच्याच मालकाने रेचल अलेक्झांड्रा या आपल्या घोडीला ‘प्लास्टिक’वर, म्हणजे सिंथेटिकवर, पळवणार नाही म्हणून ब्रीडर्स कपलाच आणलं नाही. केंटकीच्या ब्रीडिंग फार्मना डर्टवर जिंकलेले स्टॅलियन म्हणजे पैदाशीचे घोडे विकायचे असतात, त्यांना वाटलं हा ट्रॅक आपला माल पारखत नाही. पैसे लावणाऱ्यांनाही जुने फॉर्म लागू पडेनात म्हणून राग. हे सगळे राग खरे आहेत, पण यातला एकही राग घोड्याचा नाही.

आणि सिंथेटिकचा घोडा डर्टवर चालत नाही हे तर कॅलिफोर्नियात बसून कुणी बोलूच नये. झेन्याटा या घोडीने आपलं बहुतेक करिअर सिंथेटिकवर केलं, २००९ ची क्लासिक जिंकली, आणि डर्टवर ओकलॉनला दोनदा जिंकली, चर्चिल डाउन्सला आयुष्यातली एकमेव हार झाली तीही डोक्याच्या अंतराने, २० पैकी १९. अॅनिमल किंगडमने टर्फवेच्या पॉलिट्रॅकवर रेस जिंकून थेट २०११ ची केंटकी डर्बी मारली, त्याआधी तो डर्टवर एकही रेस पळाला नव्हता. आणि आपला शेअर्ड बिलीफ, ट्रेनर जेरी हॉलेंडॉर्फर यांचा, पहिली रेस गोल्डन गेटच्या टॅपेटावर, २०१४ ची पॅसिफिक क्लासिक डेल मारच्या पॉलिट्रॅकवर, आणि २०१५ मध्ये सँटा अनिटाच्या डर्टवर कॅलिफोर्निया क्रोमला हरवलं.

बाहेर काय चाललंय तेही बघा. गल्फस्ट्रीम पार्कने २०२१ मध्ये डर्ट आणि टर्फ दोन्ही ठेवून तिसरा ट्रॅक टॅपेटाचा केला. पाऊस आला की टर्फच्या रेस टॅपेटावर, रेसमधून घोडे फारसे माघार घेत नाहीत. गल्फस्ट्रीमचा मालक तोच जो सँटा अनिटाचा आहे, म्हणजे फ्लोरिडात जे शहाणपण सुचलं ते इथे सुचायला हरकत नव्हती. न्यूयॉर्कमध्ये बेलमाँट पार्क नव्याने बांधतायत त्यात आत एक सिंथेटिक ट्रॅक धरलाय. टर्फवेने २०२० मध्ये जुना पॉलिट्रॅक काढून टॅपेटा टाकला, डर्ट नाही टाकला. इंग्लंडमध्ये साउथवेलने २०२१ ला जुनं फायबरसँड (तेही सिंथेटिकच) काढून टॅपेटाच आणलं. दुबईने मेदानला २०१० ला टॅपेटा आणि चारच वर्षांत परत डर्ट केलं हे मला ठाऊक आहे, कीनलँडनेही २०१४ ला तेच केलं, पण ते दोघेही मोठ्या अमेरिकन डर्ट घोड्यांना बोलावण्यासाठी गेले, घोडे जास्त मरत होते म्हणून नाही.

म्हणून मी हुकूम परत काढा असं म्हणत नाही. डर्बीची तयारी डर्टवर होऊ दे. मला हवा आहे तो तिसरा ट्रॅक. सँटा अनिटा आणि डेल मार यांना लायसन्स देताना अट घाला की ठराविक वर्षांत रेस घेता येईल असा सिंथेटिक ट्रॅक उभा करायचा, आणि तो होईपर्यंत डर्ट सील केलेला असेल त्या दिवशी त्यावर जोरात वर्कआउट बंद, नुसता जॉग चालेल. सँटा अनिटाने ट्रेनिंगसाठी सिंथेटिक ट्रॅक टाकलाय, चांगलं केलं, आता त्यावर किती घोडे पळाले आणि किती दुखावले, मुख्य डर्टवर किती, हे दर महिन्याला वेगवेगळं छापा. नुसते मेलेले मोजू नका, लंगडत परत आलेले मोजा, कारण देशभरात छापले जाणारे ते हजारामागचे आकडे फक्त रेसचे असतात आणि सकाळची गॅलप त्यात येतच नाही. डेल मारला टाकाल तेव्हा मेणाचा प्रकार तिथल्या उन्हात आधी एक उन्हाळा तपासा. निचऱ्याची परीक्षा बाहेरच्या माणसाकडून, मिक पीटरसन यांच्या रेसिंग सर्फेसेस लॅबसारख्यांकडून, ट्रॅक टाकायच्या आधी करून घ्या, नंतर नाही. आणि मेण, रबर, धागे यांचं पुढे काय होतं, मातीत आणि पाण्यात किती जातं, हा प्रश्न पर्यावरणवाले विचारतात तो बरोबर आहे, त्याचं उत्तर कंत्राटातच लिहून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर सिंथेटिक ट्रॅक करोडो डॉलरचा आहे, मान्य. पण गोल्डन गेट गेल्यावर उत्तर कॅलिफोर्नियाचं रेसिंग प्लेझंटनला हलवायचा प्रयत्न झाला तोही एका सीझनमध्ये बुडाला, आज इकडचे ट्रेनर आणि सईस एकतर तिकडे दक्षिणेत आहेत नाहीतर राज्य सोडून गेलेत. उरलंय ते सगळं दोन-तीन रेसकोर्सवर. त्यातल्या एकाला परत २०१९ सारखा हिवाळा आला तर लोक रेसिंगच बंद करा म्हणतील, आणि तेव्हा कॅलिफोर्नियात त्यांना अडवणारं कुणी उरलेलं नसेल.

तुमच्याकडे १९९० पासूनचा शवविच्छेदनाचा साठा आहे, यूसी डेव्हिसमध्ये, रेसकोर्सवर मेलेल्या प्रत्येक घोड्याचं हाड कुठे आणि कसं मोडलं याची नोंद. डॉ. सू स्टोव्हर यांच्यासारख्यांनी आयुष्य घातलंय त्यात. जगात फार थोड्यांकडे इतकी माहिती आहे. ती ट्रॅकप्रमाणे आणि पावसाप्रमाणे लावून लोकांसमोर ठेवा आणि तिसऱ्या ट्रॅकचा विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या. सार्वजनिक मतं मांडायच्या वेळात मी बोलणार आहे, माझ्यासोबत इथले अजून काही मराठी रेसप्रेमी येतील.

कळावे,
फ्रीमाँटचा एक पुणेकर रेसप्रेमी